नाझरसाहेबांचा अल्टरनेटर

दत्तोपंत निसळांची गाडी सगळी गल्ली मिळून चालवायची. दत्तोपंत नुसते आत बसायचे.

हा कार्यक्रम रोज सकाळी सव्वादहाला नालेगावात होई. दत्तोपंत नगरच्या कोर्टात नाझर होते, म्हणजे कोर्टाची कुलपं, किल्ल्या, टेबलं, खुर्च्या आणि गुन्ह्यांत जप्त झालेला सगळा मुद्देमाल त्यांच्या ताब्यात. कोट-टोपी चढवून, किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकून ते बाहेर येत, गाडीत बसत आणि काचेतून सरळ समोर बघत राहत. मागे काय चाललं आहे त्याच्याशी आपला काडीचाही संबंध नाही, असा चेहरा करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मागे डाव्या अंगाला रंगनाथमामा, उजव्या अंगाला गहिनीनाथ गवळी आणि मधोमध गोरक्ष शिंपी, गळ्यातली टेप न काढता. मुक्ताबाई भाजीची पाटी उतरवून चाकाखालचा दगड काढायची. दगड तिच्या मालकीचा होता आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. मग रंगनाथमामा ‘हां’ म्हणायचे आणि गाडी हलायची.

पंचवीस पावलांवर पिठाची गिरणी होती आणि गिरणीपासून उतार. उतारावर गाडी दोनदा खोकायची आणि चालू व्हायची. पण ही पंचवीस पावलं जायला पंधरा मिनिटं लागत, कारण दर पाच पावलांवर कोणाला तरी काहीतरी आठवे. कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोणाची म्हैस आटली, रॉकेल कुठल्या दुकानात आलंय, नळाला पाणी उद्या किती वाजता येणार, हे सगळं गाडीच्या पाठीवर हात ठेवून बोललं जाई. दत्तोपंत आतून ‘हं’ म्हणायचे. तो कोर्टातला ‘हं’ असल्यामुळे त्याला गल्लीत वजन होतं. संध्याकाळी कोर्टातून निघताना तारखेला आलेले पक्षकार धक्का मारायचे, वादी एका बाजूने आणि प्रतिवादी दुसऱ्या बाजूने. त्यात दोन बांधांचे दावे आपसात मिटले, असं शिपाई सांगत. वकिलांना ही गाडी आवडत नसे ती त्यामुळेच.

गाडी एक्कावन्न सालची विलायती, काळी, मिशनमधल्या एका साहेबाने मायदेशी जाताना विकलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. गाडीत वीज तयार करणारा डायनमो इतका थकला होता की हॉर्न वाजवला तर दिवे मंद होत. बॅटरी बारा महिने उपाशी. किल्ली फिरवली की आतून फक्त ‘टक्’ असा आवाज येई आणि मग बाहेरून रंगनाथमामांचा ‘हां’.

नऊ वर्षं हे सुखाने चाललं होतं. एकाहत्तरच्या दिवाळसणाला घात झाला.

दत्तोपंतांची मुलगी नीलांबरी काष्टीला दिलेली. जावई शरच्चंद्र तिथे हायस्कुलात मास्तर. दिवाळसणाला जावयाबरोबर विहीणबाईही आल्या. दत्तोपंत त्यांना आणायला स्टेशनवर गाडी घेऊन गेले, आणि तिथे ती जी बसली ती बसलीच. हमाल दुसऱ्या गाडीला धावलेले. शरच्चंद्र एकटा ढकलतोय हे पाहून विहीणबाईंनी पिशवी टपावर ठेवली, जरीकाठी नऊवारीचा पदर कमरेला खोचला आणि भर स्टेशनासमोर व्याह्यांच्या गाडीला खांदा दिला. गाडी चालू झाली. विहीणबाई आत बसल्या, घाम टिपला आणि म्हणाल्या, “गाडी चांगली आहे तुमची. सवय झाली की जड वाटत नाही.”

एवढंच. पुढे चार दिवस त्या हसतखेळत राहिल्या, करंज्या वाखाणल्या, निघताना दत्तोपंतांच्या बायकोची, विजयाबाईंची, ओटी भरली. पण दत्तोपंतांच्या मनात ते वाक्य काचेच्या कणासारखं रुतून बसलं. रात्री जेवताना हातातला घास हातात ठेवून ते विचारत, “सवय झाली की, म्हणजे काय गं? म्हणजे दर खेपेला ढकलावीच लागणार, असंच ना?”

“त्या सहज बोलल्या हो,” विजयाबाई म्हणत.

“वरमाय सहज बोलत नाही.”

त्यातच बहात्तर साल अधिक महिन्याचं निघालं. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, तेहेतीस अनारसे आणि वर दिवा वाण म्हणून द्यायचा. पत्र गेलं. तीस एप्रिलच्या रविवारी जावई, नीलांबरी आणि विहीणबाई येणार असं उत्तर आलं. दत्तोपंतांनी उलट टपाली कळवलं, ‘स्टेशनवर गाडी घेऊन हजर राहतो. गाडी आता सेल्फवर चालू होते.’ हे त्यांनी मार्चमध्ये लिहिलं. गाडी तेव्हा गल्लीवर चालू होत होती.

आता शब्द गेला म्हणजे करणं आलं. सकाळच्या धक्क्यात विषय निघाला आणि सल्ल्यांना पूर आला. रंगनाथमामा भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर होते, आता निवृत्त. त्यांच्या मते सिव्हिल डायनमोत दमच नसतो. गोरक्ष शिंप्याच्या मते बॅटरीत पावसाचं पाणी घालायला हवं होतं, पण दोन वर्षं पाऊसच धड नाही त्याला तो काय करणार. गहिनीनाथ म्हणाला, “रावसाहेब, म्हशीला सरकी घातल्याबिगर दूध न्हाई. तुमी गाडीला नुसतं पेट्रोल घालता. तिला बी काहीतरी खुराक लागत आसंल.”

शेवटी छगन मिस्त्रीला बोलावणं गेलं. छगन गाडीखाली अर्धा तास झोपला, खरंच झोपला असावा, आणि बाहेर येऊन म्हणाला, “ह्यो डायनमो आता देवाघरी जायला निघालाय. त्याला आडवू नका. आजकाल अल्टरनेटर निघालाय. डायनमोचा थोरला भाऊ समजा. ह्याच्या दुप्पट वीज देतोय, गाडी हळू चालली तरी देतोय. मग दिवं लावा, हॉर्न वाजवा, वायपर फिरवा, समदं एकदम.”

“मिळतो कुठे?”

“नवा न्हाई मिळायचा. पर भिंगारला आसारामकडं एक हाय.”

आसाराम भिंगारच्या जुन्या बाजारात भंगार विकायचा. त्याच्या अंगणात एका इंजिनावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. त्याने पोत्याखालून एक लोखंडी गोळा काढला, फुंकून धूळ उडवली आणि दत्तोपंतांच्या हातात दिला. तो इतका जड होता की दत्तोपंतांना लगेच विश्वास वाटला.

“पावती?” त्यांनी विचारलं. कोर्टातली टाचणीसुद्धा पावतीशिवाय न घेतलेला माणूस तो.

आसाराम दुखावला. “नाझरसाहेब, भंगाराची कधी पावती आसती का? पावती दिली की त्ये भंगार राहिलं का?”

यात काहीतरी चुकतंय हे दत्तोपंतांना कळत होतं. पण डोळ्यांसमोर कमरेला पदर खोचलेल्या विहीणबाई उभ्या होत्या. त्यांनी गोळा उचलला आणि भंगाराच्या दुकानातून पावतीशिवाय बाहेर पडले. आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं बेकायदा कृत्य.

घरी विजयाबाईंनी त्या यंत्राची पूजा केल्याशिवाय ते गाडीत बसवू देणार नाही असं सांगितलं. त्यात गैर काही नव्हतं. पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. नारळ कोणी फोडायचा यावर गहिनीनाथ पुढे झाला. “आमच्या हिरीवरल्या इंजनाला म्याच फोडला हुता. यंत्राच्या डोक्यावरच फोडायचा आसतो, म्हंजी त्याला पोचतो.” त्याने तो डोक्यावरच फोडला. नारळ पाण्याचा निघाला म्हणून सगळ्यांना आनंद झाला, शुभशकुन. ते पाणी अल्टरनेटरच्या वरच्या झरोक्यांतून आत गेलं, तेव्हाही कोणाला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी छगनने तो हलवून पाहिला. आतून डुबुक असा आवाज आला.

“ह्यात पानी कुनी वतलं?”

गहिनीनाथला एकदम दूध घालायचं आठवलं.

“उन्हात ठेवा तीन दिस,” छगन म्हणाला. “खडखडीत वाळला पायजे.”

एप्रिलातलं ऊन फुकट होतं, पण गच्चीवर जागा नव्हती. विजयाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. शेवटी कुरडयांच्या मधोमध, जुन्या धोतराच्या तुकड्यावर अल्टरनेटर वाळत घातला गेला, आणि मुक्ताबाई भाजी विकून आल्यावर जिन्यात बसून कावळे हाकायला लागली. कावळे कुरडयांवरच टपलेले होते, पण तिसऱ्या दिवशी एकाने अल्टरनेटरलाही चोच मारून पाहिली आणि मग तो त्या गच्चीकडे फिरकलाच नाही. त्या वर्षीच्या निम्म्या कुरडयांना तळल्यावर ग्रीसचा वास यायचा. दत्तोपंतांनी वर्षभर त्या तक्रार न करता खाल्ल्या, कारण तक्रारीला तोंड नव्हतं.

वाळल्यावर नवाच घोळ निघाला. “ह्या जुन्या विलायती गाडीचं समदं उलटं हाय,” छगनने जाहीर केलं. “हिच्या अंगाला बॅटरीचा अधिक जोडलाय. ह्या अल्टरनेटरला अंगाला उणं लागतं. न्हाईतर लावल्या लावल्या जळून खाक.”

“मग?”

“मग काय, बॅटरी उलटी जोडायची. अधिकाचं उणं करायचं.”

स्वयंपाकघराच्या दारातून विजयाबाईंनी हे ऐकलं. “अधिक महिना चालू आहे, आणि तुम्ही अधिकाचं उणं करताय? घरात जावई यायचेत.” त्यांची समजूत घालायला एक संध्याकाळ गेली. धोंड्याच्या वाणात एक अनारसा जास्त ठेवायचा, या अटीवर बॅटरी फिरवायला परवानगी मिळाली.

बॅटरी एकदा बाहेरून भरून आणली, अल्टरनेटर धरायला लोहाराकडून पट्टी करून आणली, तो फिरवणारा पट्टा दोनदा तुटला, आणि सोळा एप्रिलला दत्तोपंतांनी किल्ली फिरवली. टक् झालं नाही. गाडीने एकदम गर्जना केली. दिवे लावले, भर दुपारी समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला. हॉर्न वाजवला, तो इतका मोठा होता की दत्तोपंत स्वतःच दचकले. बॅटरी फिरवल्यामुळे विजेचा काटा तेवढा उलटा चालायला लागला होता. वीज भरत असली की तो संपत असल्याचं दाखवायचा. छगन म्हणाला, काट्याकडं बघू नका. दत्तोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी कोटाच्या बाहीला पुसलं. नऊ वर्षांनी गाडी त्यांची झाली होती.

सोमवारी सव्वादहाला मंडळी नेहमीसारखी जमली. रंगनाथमामांनी बाह्या सारल्या. मुक्ताबाईने दगड काढला. दत्तोपंतांनी किल्ली फिरवली, गाडी चालू झाली, आणि कोणी काही बोलायच्या आत गिरणीच्या पुढे निघून गेली. आरशात चौघंजण धुरात उभी दिसली. गोरक्षच्या एका हातात टेपचं टोक तसंच होतं. ‘किती कौतुकाने बघताहेत,’ दत्तोपंतांना वाटलं.

मंगळवारी दोघं आली. बुधवारी मुक्ताबाई एकटी. गुरुवारी दगडही नव्हता.

सुरुवातीला दत्तोपंतांना हे ध्यानात आलं नाही. ते पंधरा मिनिटं आधी कोर्टात पोचायला लागले आणि तिथे कोणीच नसल्यामुळे बसून राहायला लागले. मग एक दिवस घरात पाणी नव्हतं. नळाची वेळ सहाची साडेचार झाली होती. ही बातमी गल्लीत सगळ्यांना होती, फक्त निसळांच्या घरी नव्हती, कारण ती जिथे सांगितली जायची ती जागाच उरली नव्हती. विजयाबाईंच्या डोक्याला शिकेकाई लावलेली, आणि नळातून वारा येत होता. त्या दिवशी त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. गहिनीनाथच्या म्हशीला रेडकू झालं त्याचा खरवस सगळीकडे गेला, निसळांकडे आला नाही. रंगनाथमामांच्या धाकट्याचं लग्न ठरल्याचं दत्तोपंतांना कोर्टात एका वकिलाने सांगितलं. ते घरी आले आणि बराच वेळ ओट्यावर बसले. समोरून गोरक्ष गेला, “काय नाझरसाहेब, कोर्ट सुटलं?” म्हणाला आणि थांबला नाही. दत्तोपंतांनी ‘हं’ केलं. त्या ‘हं’ला कोणी उत्तर दिलं नाही.

तरी त्यांनी मनाची समजूत घातली. रविवार आठवड्यावर आला होता. एकदा विहीणबाई सेल्फवर चालणाऱ्या गाडीत बसल्या की झालं, मग गल्लीकडे बघू.

शनिवारी सकाळी ओळखीचा हवालदार दारात उभा राहिला. तो सलाम करताना चाचरला.

“नाझरसाहेब, राग मानू नका. रस्त्याच्या ठेकेदाराच्या आवारातून माल गेलाय, आसारामला धरलाय. त्याच्या जबानीत आपलं नाव आलंय. एक अल्टरनेटर.” मग दबक्या आवाजात, “पावती असंल तर मी असाच परत जातो.”

पावती नव्हती.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. हवालदाराने गल्लीत हाक मारली आणि रंगनाथमामा आणि गोरक्ष आले. दहा दिवसांनी ते त्या गाडीपाशी उभे राहिले ते पंच म्हणून. यंत्र चालू स्थितीत आहे हे दाखवायला हवालदाराने दिवे लावायला सांगितले, मग छगनने ते सोडवलं, आणि हवालदार लिहायला बसला. ‘एक लोखंडी गोल यंत्र, वजनास अंदाजे चार शेर, एका अंगास चाक, वर हळदकुंकवाचे डाग, वास किंचित खोबऱ्याचा.’ पंचांनी सह्या केल्या. रंगनाथमामांनी सही करताना एकदा दत्तोपंतांकडे पाहिलं. सगळं आटोपल्यावर मंडळी गेली, आणि दिवे मालवायचे कोणाच्या लक्षात आलं नाही. ते उन्हात दिवसभर जळत राहिले.

जप्त झालेला मुद्देमाल कोर्टात जमा होतो, आणि कोर्टात तो नाझराच्या ताब्यात जातो. दीड वाजता हवालदार कापडात गुंडाळलेला अल्टरनेटर घेऊन दत्तोपंतांच्या टेबलासमोर उभा राहिला. दत्तोपंतांनी रजिस्टर उघडलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. मुद्देमाल नंबर सत्तेचाळीस. कोणाकडून जप्त: द. के. निसळ. ताब्यात घेणार: द. के. निसळ, नाझर. त्यांनी सुतळी बांधली, चिठ्ठी लावली, लाखेचा ठसा उमटवला, आणि तो एक कोयता आणि हातभट्टीच्या दोन डब्यांच्या मध्ये ठेवून कपाटाला कुलूप लावलं. मग हवालदाराला रीतसर पावती फाडून दिली. त्या यंत्राची ती पहिली पावती.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आत बोलावलं. चष्म्यावरून पाहिलं. “तुमची साक्ष होईल. आणि नाझर, पावती घेत जा.” एवढंच म्हणाले. आणखी काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी छगनने जुना डायनमो परत बसवला आणि बॅटरी पुन्हा सुलटी केली. तोवर दिव्यांनी ती पिऊन टाकली होती. किल्ली फिरवली. टक्.

“टांगा करा सकाळी,” विजयाबाई म्हणाल्या. “काय बिघडतं?”

“गाडी सेल्फवर चालते असं मी लेखी कळवलंय,” दत्तोपंत म्हणाले. लेखी या शब्दापुढे त्या घरात बोलणं संपत असे.

रविवारी नऊ वाजता ते कोट-टोपी घालून गाडीत जाऊन बसले. समोर बघत राहिले. सव्वानऊ झाले. मागे कोणी आलं नाही. नऊ वर्षांत त्यांनी कोणाला ‘या’ म्हणून बोलावलं नव्हतं. लोक येत आणि ते बसत. हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर लाज वाटली. काष्टीहून येणारी गाडी दहाला होती. ते उतरले, टोपी काढून हातात घेतली आणि आधी मुक्ताबाईच्या दारात गेले.

“मुक्ताबाई, जरा...”

“दगुड म्या घरी आनलाय,” ती म्हणाली. “उंबऱ्याशी लावलाय. तिथं आता लोकं चपला घासत्यात.”

“तो नको. तू ये.”

ती उठली आणि दगड घेऊनच निघाली.

गहिनीनाथ गोठ्यात होता. “आमाला वाटलं, आता आमचं काय काम न्हाई रावसाहेब. तुमी मोटार हानून गेला, मागं वळून बी बघितलं न्हाई.” त्यात राग कमी आणि दुखणं जास्त होतं. दत्तोपंत शेणात उभे राहून म्हणाले, “चुकलं माझं, गहिनीनाथ.” नाझराच्या तोंडून हे वाक्य कोर्टात कोणी कधी ऐकलं नव्हतं. गोरक्ष न बोलावताच मागे येऊन उभा होता. रंगनाथमामा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून म्हणाले, “ऑर्डर लेखी आहे का?” आणि मग स्वतःच हसले.

चौघांनी हात लावले. ‘हां’ झालं. त्या दिवशी दत्तोपंत समोर बघायचं सोडून सारखे मागे वळून बघत होते, त्यामुळे गाडी गिरणीच्या ओट्यावर चढता चढता राहिली. उतारावर ती दोनदा खोकली आणि चालू झाली.

स्टेशनवर त्यांनी इंजिन बंद केलं नाही. चालू ठेवून बसायचं, पाहुणे आत घ्यायचे आणि निघायचं, असा बेत. आगगाडी तासभर उशिरा आली. चाळीस मिनिटांनी गाडीच्या टोपणाखालून वाफ यायला लागली, पन्नासाव्या मिनिटाला ती थरथरली, आणि समोरून विहीणबाई, नीलांबरी आणि शरच्चंद्र येताना दिसले त्या क्षणाला बंद पडली.

दत्तोपंत खाली उतरले. बोलायचं बरंच काही ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. “विहीणबाई, मी लिहिलं होतं की... पण ते यंत्र सध्या सरकारजमा आहे. टांगा बोलावतो.”

“टांगा कशाला?” विहीणबाईंनी पिशवी टपावर ठेवली. पदर खोचला. “मी त्यासाठीच तर आले. तुमचं ते सेल्फचं पत्र वाचून इतकी हिरमुसले होते, विचारा सूनबाईला.”

दत्तोपंतांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“अहो, मुलाचं लग्न झाल्यापासून मी जिथे जाते तिथे वरमाय,” विहीणबाई गाडीच्या पाठीवर हात ठेवत म्हणाल्या. “पाटावर बसायचं, पाणी हातात, पान हातात. कोणी कशाला हात लावू देत नाही. काष्टीच्या बाजारात मी उभ्या जन्मात बैल पारखलेत, मला बसून अंग दुखतं. तुमच्याकडे पहिल्यांदा कोणी म्हणालं नाही, ‘राहू द्या, तुम्ही नका.’ मी गावभर सांगितलं, आमचे व्याही घरचं माणूस मानतात. शरद, तू डावीकडून घे. व्याही, तुम्ही आत बसा.”

दत्तोपंत आत बसले. सहा महिने त्यांनी जे मनाला लावून घेतलं होतं ते एका झटक्यात गेलं, आणि त्या जागी इतकं भरून आलं की समोरचा रस्ताच दिसेना. विहीणबाईंनी ‘हां’ म्हटलं. रंगनाथमामांपेक्षा तो ‘हां’ खणखणीत होता.

धोंड्याचं जेवण झालं. चौतीस अनारसे वाण दिले गेले. सोमवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून मुक्काम वाढला, आणि मंगळवारी सव्वादहाला विहीणबाई गहिनीनाथच्या बाजूला लागल्या. पंचवीस पावलांत त्यांनी त्याच्या रेडकाचं दुखणं ओळखलं, गोरक्षला ब्लाउजची कापडं दिली आणि रंगनाथमामांच्या व्याह्यांची काष्टीकडची सगळी माहिती पुरवली. वीस मिनिटं लागली. दत्तोपंत कोर्टात उशिरा पोचले आणि कारण विचारल्यावर ‘घरचं काम’ म्हणाले. संध्याकाळी गहिनीनाथच्या दुसऱ्या म्हशीचा खरवस आला.

खटला दिवाळीच्या तोंडावर निकाली निघाला. ठेकेदाराच्याच सांगण्यावरून मुनिमाने माल विकला होता, म्हणजे चोरी नव्हतीच असं ठरलं, आसाराम सुटला, आणि मुद्देमाल ज्याच्याकडून जप्त झाला त्याला परत द्यावा असा हुकूम झाला. मालकाने हजर राहून माल घ्यायचा, आणि तीनदा पुकारा होऊनही तो आला नाही तर माल लिलावात जायचा.

शिपायाने दाराशी उभं राहून पुकारा केला, “द. के. निसळ हाजिर हो.”

दत्तोपंत दहा हातांवर टेबलाशी बसले होते. समोर रजिस्टर उघडं, शेजारी कपाटाची किल्ली. त्यांनी दौतीत टाक बुडवला.

शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं, जरा चाचरत. तिसऱ्यांदा पुकारताना तो दत्तोपंतांकडे पाहतच ओरडला. दत्तोपंतांनी टाक टेकवला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘इसम गैरहजर.’

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “नाझर, हा इसम राहतो कुठे?”

“नालेगावात, साहेब. तिथे त्याचं बरं चाललंय.”

साहेबांनी सही केली.

संध्याकाळी गाडी कोर्टाच्या आवारात उभी होती. डाव्या बाजूने सुटलेला आसाराम लागला आणि उजव्या बाजूने त्याला पकडून आणणारा हवालदार. दत्तोपंत आत बसले, पण मान वळवून मागे बघत. आसाराम काचेपाशी वाकला. “नाझरसाहेब, तुमच्या साक्षीनं सुटलो, आभारी हाय. एक नवा डायनमो आलाय माझ्याकडं. ह्या खेपेला पावतीसकट देतो.”

“आधी ढकल,” दत्तोपंत म्हणाले.